लेकरांच्या आयांची सोबतीण : श्रीमती फातिमा इस्माईल

द्वितीय वर्ष, कला शाखा

ज्याचे जळते त्याला कळते, अशी म्हण आपल्या बोलण्यात नेहमी येते. ती बहुधा उसासा टाकून, कपाळाला हात लावून म्हटली जाते. आपले दुःख दुसऱ्याला कळायचे नाही, एवढाच अर्थ आपण तिच्यातून घेतो. परंतु ह्या म्हणीला आणखी एक बाजू आहे. ज्याने चटका सोसलेला असतो, त्याला शेजारच्या घरातला धूर इतरांच्या आधी दिसतो. तो बोलावण्याची वाट पाहत नाही. पाण्याची घागर उचलतो आणि धावतो. अशी घागर घेऊन आयुष्यभर धावलेल्या एका आईची ओळख आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना करून द्यावी, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहे.

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी असहकाराची चळवळ शिकवली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे परदेशी कापडाची प्रचंड होळी पेटली. ज्या आवारात ती पेटली, ते उमर सोबानी नावाच्या गिरणीमालकाच्या गिरणीचे होते. कापडावरच ज्याचे वैभव उभे होते, त्याच माणसाने ह्या होळीसाठी आपले अंगण मोकळे करून दिले. सरांनी जाता जाता सांगितले की, ह्या उमर सोबानींना फातिमा नावाची धाकटी बहीण होती, आणि स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला म्हणून तिने पुढे मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना उभा केला. तास संपला, मुले बाहेर गेली. मी मात्र वहीच्या समासात ते नाव लिहून ठेवले. का लिहून ठेवले, हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. ते ह्या लेखाच्या शेवटी सांगणार आहे.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ सालचा. घराणे मुंबईतील मोठ्या व्यापाऱ्यांचे. घरात पैसा होता आणि थोरल्या भावामुळे देशाचे वारेही होते. उमर सोबानी होमरूल चळवळीत होते. रौलट कायद्याविरुद्धच्या १९१९ च्या सत्याग्रहात त्यांनी पुढाकार घेतला होता. गांधीजींच्या हाती जाण्यापूर्वी यंग इंडिया हे पत्र ज्या मंडळींनी चालविले, त्यांत शंकरलाल बँकर यांच्याबरोबर उमरही होते. पुढे कापसाच्या व्यापारात त्यांना जबर ठोकर बसली, संपत्ती गेली, आणि १९२६ साली त्यांचे अकाली निधन झाले. हाती असलेले ऐश्वर्य देशासाठी कसे उधळावे आणि ते एका रात्रीत कसे ओसरते, हे दोन्ही धडे फातिमाबाईंना माहेरीच मिळाले. आपल्या जालन्याच्या मोंढ्यात कापसाचे भाव पाहून घरी परतणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

लग्नानंतर त्या फातिमा इस्माईल झाल्या. अखिल भारतीय महिला परिषदेच्या कामात त्या पडल्या. स्त्रियांना शिक्षण मिळावे, हाताला काम मिळावे, ह्यासाठी त्यांची खटपट सुरू असे. म्हणजे समाजसेवा त्यांना नवी नव्हती. पण तोवरची सेवा दुसऱ्यांच्या दुःखाची होती. १९४० नंतरच्या दशकात त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला, आणि दुःख उंबरठा ओलांडून आत आले.

पोलिओला त्या काळी बालपक्षाघात असेही म्हणत. हा रोग विषाणूमुळे होतो. दूषित पाणी आणि अन्न ह्यांवाटे तो पोटात जातो. लागण झालेल्या बहुतेक मुलांना काहीच जाणवत नाही, पण सुमारे दोनशेंत एखाद्या मुलाच्या मज्जारज्जूतील पेशींवर तो हल्ला करतो. स्नायूंना हालचालीचा हुकूम पोहोचविणाऱ्या त्या पेशी मेल्या की हात किंवा पाय लुळा पडतो. रात्री तापाने फणफणलेले लेकरू सकाळी उभे राहू शकत नाही. त्या वेळी लसही नव्हती. साल्क यांची टोचायची लस १९५५ साली आली, आणि सेबिन यांची तोंडावाटे द्यायची लस त्यानंतर काही वर्षांनी.

मुंबईच्या डॉक्टरांनी आशा सोडली. ज्या घराला शहरातील कोणत्याही डॉक्टरचे दार उघडे होते, त्या घरालाही उत्तर एकच मिळाले, की आता करण्यासारखे काही नाही. फातिमाबाईंनी हे उत्तर मानले नाही. मद्रासला डॉ. किणी नावाचे अस्थिशल्यतज्ज्ञ आहेत, असे त्यांना कळले. त्या मुलीला घेऊन मद्रासला गेल्या. डॉक्टर सुरुवातीला तयार होईनात. बाई मागे हटेनात. शेवटी उपचार सुरू झाले आणि कित्येक महिने तेथेच मुक्काम पडला. मुलीत सुधारणा दिसू लागली. त्यानंतर पुण्यात, जखमी सैनिकांसाठी चालणाऱ्या लष्करी केंद्रात, मुलीला व्यायामोपचार मिळाले. महायुद्धात हातपाय जायबंदी झालेल्या जवानांना पुन्हा चालते करण्याची विद्या लष्कराजवळ होती. तीच विद्या एका चिमुरड्या मुलीच्या उपयोगी पडली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पोलिओत मेलेली पेशी कोणताही डॉक्टर जिवंत करू शकत नव्हता. मग मुलगी सुधारली ती कशाने? उरलेल्या स्नायूंना रोज शेक, रोज व्यायाम, सांधा आखडू नये म्हणून आधार, आणि चामडे व लोखंड ह्यांच्या कॅलिपरच्या बळावर पुन्हा पाऊल टाकणे, ह्या साऱ्याने. ह्यात चमत्कार काही नाही, चिकाटी आहे. आणि ही चिकाटी दवाखान्यात तासभर आणि घरी उरलेले तेवीस तास लागते. ते तेवीस तास आईचे असतात. म्हणून असल्या आजारात आईला शिकविणे हा उपचाराचाच भाग ठरतो. हे फातिमाबाईंना पुस्तकातून कळले नाही. मुलीचा पाय हातात धरून कळले.

मुलगी सुधारली. आता बाई घरी बसल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते. पण ज्या शहरातून त्या निराश होऊन निघाल्या होत्या, त्याच शहरात कितीतरी आया तेच उत्तर ऐकून लेकराला घरी नेत असणार, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. त्या आयांजवळ मद्रासचे भाडे नव्हते. तेथे महिनोन्‌महिने राहण्याची सोय नव्हती. मुख्य म्हणजे असा काही उपाय असतो, हेच त्यांना ठाऊक नव्हते. जे आपण हजार मैल फिरून शिकलो, ते ह्या आयांना मुंबईतच मिळाले पाहिजे, असे फातिमाबाईंनी ठरविले.

१९४७ साली मुंबईत त्यांचे केंद्र सुरू झाले. नामवंत शल्यविशारद डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी त्यासाठी जागा दिली. ह्याच वर्षी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्थाही स्थापन झाली. १९४७ हे साल कोणते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. देशाचे दोन तुकडे होत होते, माणूस माणसाच्या जिवावर उठला होता. त्याच वर्षी एका मुसलमान आईने हिंदू डॉक्टरच्या मदतीने जे दार उघडले, त्या दारात लेकराचा पाय पाहिला जाई. जात, धर्म नव्हे. आमचा जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. इकडच्या खेड्यातल्या आईपर्यंत मुंबईची ही बातमी पोहोचली असेल, असे वाटत नाही.

दोनच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. ह्या रोगाच्या संशोधनासाठी मुंबईत स्वतंत्र पथक नेमण्याची वेळ सरकारवर आली. फातिमाबाईंनी पेटविलेली पणती किती योग्य वेळी पेटली होती, ते त्या साथीने दाखवून दिले. एक खोली पुरणे शक्यच नव्हते. काम वाढत गेले आणि पुढे हाजी अलीच्या परिसरात मुलांसाठी अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. महिनोन्‌महिने खाटेवर असलेल्या मुलांची अक्षरओळख सुटू नये, म्हणून शिक्षणाचीही सोय झाली. वाढत्या वयाच्या अपंगांना हाताला काम हवे, ह्या विचारातून फेलोशिप ऑफ दि फिजिकली हॅण्डिकॅप्ड ही संस्था आणि तिची कार्यशाळा निघाली. त्याच सुमारास जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. १९५५ साली हाजी अलीलाच केंद्र सरकारची भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. एका दशकात मुंबई ह्या विद्येचे माहेरघर बनली. त्यात फातिमाबाईंचा वाटा मोठा होता.

१९५८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. १९७८ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. १९८७ साली, वयाची चौऱ्याऐंशी वर्षे पाहून, त्या निवर्तल्या. पोलिओचा अंत मात्र त्यांना पाहावयास मिळाला नाही. १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम देशभर सुरू झाली, १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमध्ये ह्या रोगाचा शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. माझ्या पिढीने तोंडात पडलेले दोन थेंब तेवढे पाहिले; लुळे पाय पाहिले ते गावातल्या वडीलधाऱ्यांचे.

येथे कोणी अशी शंका घेईल की, बाई श्रीमंत होत्या, मोठ्यांच्या ओळखीच्या होत्या, म्हणून हे जमले. शंका खरी आहे. गरिबाच्या आईला मद्रासचा डॉक्टर भेटला नसता आणि मुंबईचा शल्यविशारद जागा देऊ करता ना. परंतु श्रीमंत घरांत असली मुले त्या काळी बहुधा पडद्याआड ठेवली जात. फातिमाबाईंनी मुलीला घेऊन रस्ता धरला आणि नंतर त्या रस्त्यावर इतरांना आणले. त्यांचे थोरपण पैशात नव्हते. आपल्यालाच एवढे कष्ट पडले तर पैसा नसलेलीला किती पडत असतील, हा हिशेब त्यांनी मांडला. त्यात त्यांचे थोरपण आहे.

आणि ह्या वाटेवर त्या एकट्याही नव्हत्या. त्याच मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मतिमंद मुलीच्या निमित्ताने अशा मुलांची शाळा काढली. जय वकील शाळा म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिकडे अमेरिकेत, नोबेल पारितोषिक मिळालेल्या लेखिका पर्ल बक यांनी आपल्या मतिमंद मुलीविषयी वर्षानुवर्षे मौन पाळले होते. १९५० साली त्यांनी ते मौन सोडून तिची कहाणी प्रसिद्ध केली, तेव्हा ठिकठिकाणच्या आईबापांची पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. त्याच वर्षी तेथे अशा पालकांची राष्ट्रव्यापी संघटना स्थापन झाली. देश निराळे, भाषा निराळी, आजारही निराळा. पण सगळीकडे आरंभ एकाच ठिकाणी झालेला दिसतो : एका आईबापाने दुसऱ्या आईबापाला आपले घर उघडून दाखविले.

आता वहीच्या समासाकडे वळते.

मला एक धाकटा भाऊ आहे. तो अकरा वर्षांचा आहे. जन्मतः मेंदूला इजा झाल्याने त्याला चालता येत नाही, बोलणे थोडेच उमटते, पण ऐकलेले सारे त्याला समजते. ह्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. महाविद्यालयात आल्यापासून दीड वर्षात हे मी कोणालाही सांगितले नव्हते. घरी कोण कोण आहे, असे कोणी विचारले की मी आईवडिलांवर थांबत असे. हे लिहिताना मला माझी लाज वाटते. पण लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

आमचे गाव जालन्यापासून एस.टी.ने सव्वा तासावर आहे. आई मोसंबीच्या बागेत आणि कापूस वेचणीला रोजाने जाते. भाऊ झाला तेव्हा गावात म्हणणाऱ्यांनी म्हटले की, आईच्या मागच्या जन्मीचे पाप आहे. देवऋषी झाला, गंडेदोरे झाले, नवस झाले. शेवटी तपासणीसाठी आई एका मोठ्या रुग्णालयात गेली. तेथे दिवसभर बाकावर बसून तिला एवढेच सांगण्यात आले की, हे असेच राहणार. ती बाकावर भावाला भरवीत होती आणि त्याला ठसका लागत होता. शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. तिच्या मांडीवरही तसेच लेकरू होते. तिने काही न बोलता भावाला उचलले, ताठ बसविले, मान किंचित पुढे झुकविली, हनुवटीला बोटांचा आधार दिला आणि चमचा समोरून जिभेवर हलकेच टेकवला. मान मागे टाकून भरवले की घास घशात अडकतो, हे तिने आईला दाखविले. कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे त्याचे पाय कमरेच्या दोन बाजूंना मोकळे करून कडेवर कसे घ्यायचे, तेही दाखविले. ती विद्या तिला आणखी कोणा आईने दिली होती. चार वर्षांत आईला जे कोणी सांगितले नव्हते, ते त्या बाकावर पाच मिनिटांत मिळाले. आई घरी आली ती रडत आली. पण ते रडणे पूर्वीचे नव्हते.

त्या मावशी पुढे आमच्या घरच्याच झाल्या. त्यांच्यामुळे आणखी तीन आया भेटल्या. प्रमाणपत्रासाठी कोणत्या वारी जायचे, कोणकोणते कागद लागतात, दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र कसे काढतात, निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो, हे सारे आईला ह्या बायांनी सांगितले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत आणि अशा मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण कायदा दिल्लीत होतो आणि आई गावात असते. त्या दोघांमधले अंतर ह्या चौघीपाचजणी चालून जातात. त्यांच्यात दोघींना सही येते, बाकीच्या अंगठा लावतात.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. बारावी झाल्यावर माझे शिक्षण थांबणार, हे घरात ठरल्यासारखेच होते. आई कामाला गेली तर भावाजवळ कोण? माझ्या आधी घरात कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तेव्हा हट्ट तरी कोणत्या तोंडाने करणार? ह्या वेळी त्या मावशींनीच तोड काढली. शेजारच्या गावची एक आई आणि माझी आई आळीपाळीने दोन्ही लेकरांजवळ राहू लागल्या. एक कामावर गेली की दुसरी घरी. दोघींचा निम्मा रोज बुडतो. तो बुडतो म्हणून मी सकाळच्या एस.टी.ने इथे येते. मी हजेरीला हात वर करते तेव्हा माझ्यामागे दोन बायांचा बुडालेला रोज असतो.

फातिमाबाईंचे नाव मी समासात लिहिले ते ह्यासाठी. त्यांनी रुग्णालय उभारले, आमच्या मावशींनी एक बाक उभारला नाही. त्यांना पद्मश्री मिळाली. मावशींचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. तरीही दोघींचे काम मला एकाच जातीचे वाटते. आपल्याला जे कष्टाने कळले, ते दुसरीला फुकट कळावे, एवढेच ते काम.

मी आईला फातिमाबाईंची हकीगत वाचून दाखविली. पत्रे, पुरस्कार, राज्यसभा, ह्या कशाचेच तिला विशेष वाटले नाही. तिने एकच विचारले, की त्यांची मुलगी पुढे चालू लागली का. मी सांगितले, की पुष्कळ सुधारली. आई बराच वेळ गप्प बसली. मग भावाचे पाय मांडीवर घेऊन ती रोजच्यासारखी तेल लावू लागली.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी, गल्लीत, आळीत असे लेकरू असेल, तर त्याच्या आईला आमच्या गावचा पत्ता हवा तेव्हा मागून घ्या. मी रोज सकाळी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर असते. आता घरी कोण कोण आहे, असे कोणी विचारले तर मी चौघांची नावे सांगते.